हलकेपणाची मर्यादा

आपल्या भाषेत 'हलका' हा शब्द दोन कामे करतो. डोक्यावरचे ओझे उतरले की माणूस हलका होतो. आणि दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव घालू लागला की तोच माणूस हलक्या मनाचा ठरतो. एका हलकेपणासाठी आपण धडपडतो, दुसऱ्यापासून चार पावले दूर राहतो. हे दोन अर्थ एकाच शब्दात शेजारी शेजारी का नांदत असावेत, हा प्रश्न मला एका खेळाच्या नियमपुस्तिकेने घातला. तो खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. म्हणून आधी त्याची ओळख करून देतो आणि मग मूळ प्रश्नाकडे वळतो.

खेळ असा. वाऱ्याची झुळूकही आत येणार नाही अशा बंद, उंच सभागृहात रबराच्या पिळावर चालणारे चिमुकले विमान उडवायचे. ज्याचे विमान अधिक वेळ हवेत राहील तो जिंकला. वेग मोजत नाहीत, अंतर मोजत नाहीत, कसरती पाहत नाहीत. मोजतात तो केवळ वेळ. एफ.ए.आय. या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या नियमावलीत या खेळाचा सर्वांत मानाचा गट 'एफ-१-डी' या नावाने ओळखला जातो. २०१५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार या विमानाच्या पंखांची लांबी ५५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये, रबराचे वजन ०.४ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, आणि रबर सोडून उरलेल्या विमानाचे वजन १.४ ग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये. सहा उड्डाणे करायची आणि त्यांतील सर्वोत्तम दोन वेळांची बेरीज धरायची.

ग्रॅमच्या दशांशाची कल्पना येणे कठीण. पण ज्यांनी जुन्या सराफाच्या दुकानात काचेच्या पेटीतला तराजू पाहिला आहे, त्यांना आपले जुने माप उपयोगी पडेल. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजे मासा एका ग्रॅमहून किंचित कमी. या हिशेबाने हात-दीड हात लांबीचे ते सबंध विमान जेमतेम दीड मासा भरते, आणि त्याला उडवणारे रबर सव्वातीन गुंजा. एवढ्या ऐवजाची नथसुद्धा कुणी घडवणार नाही. आणि तरीही हे विमान उंच सभागृहात पंचवीस-तीस मिनिटे तरंगत राहते.

कॉलेजात एन.सी.सी.च्या हवाई शाखेत असताना बाल्सा लाकडाची ग्लायडरे आम्हीही केली होती. पुढे पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेले. त्यामुळे या विमानाची रचना वाचताना मला आधी मोह पडला तो त्यातील हिशेबाचा. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम रबरात, ते तुटण्याच्या बेतापर्यंत पिळले तर, साधारण दहा-बारा ज्यूल ऊर्जा साठते. म्हणजे ०.४ ग्रॅममध्ये चार-पाच ज्यूल. एक किलो साखरेची पिशवी जमिनीवरून उचलून अर्धा मीटर वर धरायला जेवढी ऊर्जा लागते तेवढीच ही. आपण ती एका क्षणात खर्च करतो आणि विसरतो. हे विमान तेवढ्याच शिदोरीवर अर्धा तास काढते.

ते कसे? उत्तर एका सूत्रात आहे. पंखांचे क्षेत्रफळ तेच ठेवून वजन चौपट केले, तर उडत राहण्यासाठी लागणारी शक्ती चौपट होत नाही, आठपट होते. उलट बाजूने पाहिले तर वजन उतरवावे त्याहून अधिक वेगाने खर्च उतरतो. म्हणून या खेळात हलकेपणा हाच परमार्थ. बाल्साचे पातळ पापुद्रे वाफेवर मऊ करून त्यांची पोकळ नळी वळतात आणि तिच्यात रबर पेलण्याची ताकद यावी म्हणून बोरॉनचे बारीक तंतू चिकटवतात. पंखांवरचे आवरण पूर्वी घरीच करीत. नायट्रोसेल्युलोजच्या द्रावाचे काही थेंब पाण्याच्या परातीवर सोडायचे. ते क्षणात पसरून साय धरतात. ती साय तारेच्या चौकटीवर अलगद उचलायची. साबणाच्या फुग्यावर जसे रंग खेळतात तसे तिच्यावर दिसतात, आणि जाणकार त्या रंगांवरूनच तिची जाडी सांगतात. आता त्या जागी मायक्रॉनहून पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा आला आहे. पंखा मोठा आणि संथ, सेकंदाला एखादा फेरा घेणारा. विमानाची चाल आपल्या रमतगमत चालण्याइतकी. जवळून कुणी झपाट्याने गेले तर तेवढ्या झोताने ते भरकटते.

या खेळाची वंशावळही छोटी नाही. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलेरी बागेत आल्फोंस पेनो या तरुणाने रबराच्या पिळावरचे विमान लोकांसमोर उडवले. ते अकरा सेकंद उडाले आणि सुमारे चाळीस मीटर गेले. त्याच धर्तीचे रबरावर उडणारे एक खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन धाकट्या मुलांसाठी आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. तेव्हा याला पोरखेळ म्हणताना थोडे जपून बोलावे.

आता मूळ प्रश्न. ज्या खेळात हलकेपणा हाच परमार्थ, त्या खेळात 'यापेक्षा हलके असू नये' असा नियम का असावा? गाण्याच्या मैफलीत 'यापेक्षा सुरेल गाऊ नये' असे कुणी म्हणेल काय? धावण्याच्या शर्यतीत 'दहा सेकंदांच्या आत पोहोचू नये' असे कुणी फर्मावील काय? वरवर पाहता हा नियम गुणाच्याच पायात घातलेली बेडी वाटतो. आणि ही बेडी काळाबरोबर जड होत गेली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच गटात ६५ सेंटिमीटर पंखांचे विमान एक ग्रॅमचे असले तरी चालत असे आणि रबराला बंधन नव्हते. चालू शतकाच्या सुरुवातीला पंख ५५ सेंटिमीटरवर आले, विमानाचे किमान वजन १.२ ग्रॅम झाले आणि रबर ०.६ ग्रॅमवर बांधले गेले. मग २०१५ मध्ये १.४ आणि ०.४.

या शेवटच्या बदलाकडे मी बराच वेळ पाहत बसलो. १.२ अधिक ०.६ म्हणजे १.८. आणि १.४ अधिक ०.४ म्हणजेही १.८. एकूण वजन तेच राहिले. नियम करणाऱ्यांनी ०.२ ग्रॅम शिदोरीतून काढले आणि देहात घातले. देह तेवढा धडधाकट झाला, पण अन्न एक तृतीयांशाने घटले. जिथे पूर्वी चाळीस मिनिटांची उड्डाणे होत, तिथे ती पंचवीस-तीस मिनिटांवर आली. गणिताने हे अपेक्षितच होते. प्रश्न नीतीचा आहे: जाणूनबुजून कमी उडणे हे कुठल्या शहाणपणात बसते?

कॅनडात शिकवणारे तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी 'द ग्रासहॉपर' या १९७८ च्या पुस्तकात खेळाची जी व्याख्या केली आहे तिचा आशय असा की, आवश्यक नसलेले अडथळे स्वखुशीने पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. चेंडू भोकात टाकायचाच असेल तर हाताने नेऊन टाकणे सर्वांत सोपे. पण मग गोल्फ उरत नाही. विमान तासभर उडवायचेच असेल तर त्यात छोटी मोटार आणि बॅटरी घालावी. पण मग हा खेळ उरत नाही. अडथळा काढून टाकला की ध्येयही नाहीसे होते, असा हा चमत्कारिक व्यवहार आहे.

मराठी वाचकाला हे कळायला सूट्सकडे जाण्याची गरज नाही. आपल्या मोरोपंतांनी बारामतीत बसून एकशे आठ रामायणे रचली असे सांगतात. त्यांतील एक 'निरोष्ठ रामायण'. ओठाला ओठ लागून उच्चारले जाणारे वर्ण, म्हणजे प, फ, ब, भ, म, त्यात वर्ज्य. आता विचार करा: ज्या नायकाची कथा सांगायची त्याच्या नावातच 'म' आहे. म्हणजे रामाचे नाव न घेता रामायण सांगायचे! पंतांवर हे बंधन कुणी घातले होते? छापखान्याने नाही, पेशव्यांनी नाही. ते त्यांनी स्वतःवर घातले. त्यावर 'शब्दांची कसरत' म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ झाले आणि त्या टीकेत तथ्यही असेल. पण ज्याने शब्दांचे असे दोनशे दरवाजे स्वतः बंद करून घेतले, त्याला घरातील उरलेली प्रत्येक खिडकी ठाऊक झाली असणार, हे मात्र कबूल करावे लागते.

इमॅन्युएल कांटने १७८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'शुद्ध बुद्धीच्या मीमांसे'त एका कबुतराचा दाखला आहे. हवा कापीत उडणाऱ्या त्या पाखराला हवेचा विरोध जाणवतो आणि त्याला वाटते, हवाच नसती तर आपण किती सहज उडालो असतो! कांटने हा दाखला मानवी ज्ञानाविषयी दिला. अनुभवाचा आधार सोडून निव्वळ बुद्धीच्या बळावर झेपावणाऱ्यांना तो इशारा होता. पण विमानाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे. हवाच नसेल तर पंखा कशाला रेटणार आणि पंख कशावर टेकणार? जी वस्तू वाट अडवते तीच पेलून धरते. नियमाचेही पुष्कळदा असेच असते.

परंतु एवढ्यावर समाधान मानता येत नाही. अडथळा हवा हे मान्य केले तरी कुठला अडथळा, आणि कुणासाठी, हा प्रश्न उरतोच. जगात नियम करणारे बहुधा बलवान असतात आणि नियम सोसणारे दुर्बळ. या खेळातील किमान वजनाचा नियम मला आवडला तो याच कारणाने, की तो नेमका उलट्या दिशेने चालतो.

समजा, किमान वजनाची अट नाही. मग जिंकणार कोण? ज्याला जगातील निवडक हलका बाल्सा मिळतो, ज्याचा हात वीस वर्षे या कामावर बसला आहे, ज्याला एक विमान मोडले तर दुसरे सहज परवडते, तोच. नवखा माणूस पहिल्याच वर्षी निराश होऊन निघून जाईल, आणि काही वर्षांत सभागृहात चार म्हातारे उस्ताद एकमेकांची विमाने पाहत उरतील. किमान वजनाची अट उस्तादाला सांगते की, बाबा रे, इथपर्यंत ये आणि थांब. इथून पुढची चढाओढ लाकडाच्या वजनात नको, रचनेच्या अकलेत कर.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण अमेरिकेतील 'पेनीप्लेन' हा गट. १९७० च्या दशकात नवख्यांना झेपेल असा सोपा गट काढताना तिथल्या खेळाडूंनी ठरवले की विमानाचे वजन निदान एका पेनीएवढे, म्हणजे त्यांच्या एका सेंटच्या नाण्याएवढे असावे. काय सोय पाहा! सूक्ष्म तराजू ज्याच्याकडे नाही, त्याने पट्टीच्या मध्यावर टेकू द्यावा, एका टोकाला विमान आणि दुसऱ्याला नाणे ठेवावे. नाणे प्रत्येकाच्या खिशात असते. ते ३.१ ग्रॅमचे होते. पुढे १९८२ मध्ये तांबे महाग झाले म्हणून सरकारने पेनी जस्ताची करून वर तांब्याचा मुलामा दिला आणि तिचे वजन अडीच ग्रॅमवर उतरले. विमानाचा नियम मात्र ३.१ ग्रॅमवरच राहिला. २०२५ च्या नोव्हेंबरात तर चलनासाठी पेनी पाडणेच बंद झाले. सरकारी नाणे हलके झाले आणि थांबलेही. त्याचे जुने वजन खेळाडूंनी सांभाळले आहे. ज्यांच्यावर कुठल्याच कायद्याची सक्ती नाही त्यांनी शब्द अधिक काटेकोरपणे पाळावा, यात मला आश्चर्य वाटत नाही, पण बरे वाटते.

कुणी म्हणेल, नियम आला की पळवाट आलीच. खरे आहे. १.४ ग्रॅमची अट आहे ना? मग कुशल खेळाडू विमान त्याहूनही हलके बांधतो आणि उरलेले वजन जिथे त्याच्या सोयीचे असेल तिथे घालतो. कुठे नळीला अधिक ताठपणा देतो, कुठे मातीची बारीक गोळी लावून तोल साधतो. रबर थोडेच मिळते ना? मग तो असा पंखा करतो की सुरुवातीला पीळ जोरात असताना पात्यांचा कोन आपोआप वाढावा, आणि पीळ सैल पडू लागला की कमी व्हावा. सुरुवातीची उधळपट्टी टळते आणि शिदोरी शेवटपर्यंत पुरते. हे चातुर्य म्हणायचे की लबाडी?

या दोहोंतील सीमारेषा कुठे आखावी, यावर मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे. तिचे मूळही कांटमध्येच आहे. १७९५ च्या शाश्वत शांततेवरील निबंधात त्याने असे म्हटले आहे की, दुसऱ्यांच्या हक्कांना स्पर्श करणारे जे धोरण उघड सांगता येत नाही, ते अन्यायाचे समजावे. ही कसोटी विमानांना लावून पाहा. कोन बदलणारा पंखा ज्यांनी केला त्यांनी त्याचे आराखडे छापले, मापे दिली, विचारणाऱ्याला खोलून दाखवला. या खेळात विजेत्या विमानाचा आराखडा प्रसिद्ध होणे ही नेहमीची रीत आहे. मातीची गोळी परीक्षकासमोरच तराजूत चढते. उलट, वजन झाल्यावर कुणी ती गोळी हळूच काढून घेतली, तर? पहिल्या आणि दुसऱ्या कृत्यात गोळी तीच, बोटे तीच. फरक इतकाच की पहिले कृत्य शेजाऱ्याला शिकवता येते, दुसरे त्याच्यापासून लपवावे लागते. चातुर्याला साक्षीदार चालतो. लबाडीला अंधार लागतो.

आता या नियमावलीतील मला सर्वांत अधिक न्यायाचे वाटलेले कलम सांगतो. जागतिक विक्रमांची नोंद करताना वेळेबरोबर सभागृहाच्या छताची उंचीही पाहतात. आठ मीटरपर्यंतचे छत हा एक वर्ग, आठ ते पंधरा दुसरा, पंधरा ते तीस तिसरा आणि तीसच्या वर चौथा. कारण उघड आहे. पिळाचा पहिला जोर विमानाला वर नेतो. जितके वर जाईल तितका उतरायला वेळ अधिक. छत ठेंगणे असेल तर विमान तुळईला जाऊन अडते. इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथे, जिथे १९३० मध्ये फ्रान्समध्ये कोसळलेले आर-१०१ हे अवाढव्य हवाई जहाज बांधले गेले, त्या प्रचंड शेडमध्ये ही मासाभराची विमाने कित्येक वर्षे उडत आली. अमेरिकेत लेकहर्स्टला, जिथे १९३७ मध्ये हिंडेनबर्ग जळाले, तिथल्या हँगरमध्येही ती उडाली. रोमानियात स्लानिक येथे जमिनीखाली सुमारे दोनशे मीटर खोल मिठाची खाण आहे. तिची दालने पन्नास मीटरहून उंच आणि तिथली हवा बारा महिने सारखीच थंड व निश्चल. तिथे जागतिक स्पर्धा होतात. अशा दालनातील चाळीस मिनिटे आणि गावच्या शाळेच्या व्यायामशाळेतील वीस मिनिटे यांत मोठे काय? नियमावली म्हणते, दोन्ही वेळा लिहा, पण छतासह लिहा.

मी शिक्षक होतो. खेड्यातून पहाटेच्या एस.टी.ने येणारी, घरी दिवा आणि टेबल नसलेली मुले माझ्या वर्गात होती, आणि घरी स्वतंत्र खोली व शिकवणी असलेली मुलेही होती. गुणपत्रिकेवर दोघांचेही गुण सारख्याच शाईने उमटत. मी गुण वाढवून देण्याच्या मताचा कधीच नव्हतो, आजही नाही. घड्याळ सर्वांना एकच हवे. परंतु आकड्याच्या शेजारी छताची उंची लिहिण्याची सोय आपल्या गुणपत्रिकेत नाही, हे मला नेहमी खटकत आले. एका खेळाच्या मंडळींना जे सुचले ते आपल्या शिक्षणखात्याला सुचू नये, याचे नवल वाटते. घड्याळ खोटे न करता परिस्थिती मान्य करणे शक्य आहे, एवढे तरी या कलमाने सिद्ध होते.

ठेंगण्या छताखालच्या माणसाने करायचे काय, याचेही उत्तर या खेळाडूंनी शोधले आहे. ते पूर्ण रबराऐवजी चौथाई लांबीचे रबर लावतात आणि उरलेल्या वजनाची काडी जोडून तोल पूर्ववत राखतात. विमान चौथाई उंची गाठते, चौथाई वेळ उडते. त्या वेळेला चाराने गुणले की मोठ्या सभागृहात काय होईल याचा अंदाज येतो. ठेंगण्या घरात राहून उंच घराची तयारी अशी करता येते. फक्त हिशेब प्रामाणिक हवा.

इथवर सांगितलेले सगळे नियम तराजूने, पट्टीने, घड्याळाने मोजता येतात. पण एक नियम असा आहे की ज्याला कुठलेच माप लागू पडत नाही: विमान ज्याने बांधले त्यानेच ते उडवावे. अमेरिकेत कित्येक दशके या कलमावर वाद चालला. मैदानी विमानांच्या आंतरराष्ट्रीय गटांत आज निष्णात कारागिरांकडून तयार विमान विकत घेऊन उडवणे सर्रास चालते. त्यांचा युक्तिवाद असा की, जो नियम तपासता येत नाही तो ठेवून केवळ प्रामाणिक माणसाचेच नुकसान होते. युक्तिवाद हलका नाही. कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तो टाळ्या घेईल.

मला त्याचे उत्तर माझ्या नातीने दिले. ती अमेरिकेत शाळेत जाते. तिथे 'सायन्स ऑलिम्पियाड' या आंतरशालेय स्पर्धेत रबरी विमानाचाही एक विभाग असतो. विमान मुलांनीच बांधायचे आणि सरावाच्या उड्डाणांची वहीही त्यांनीच ठेवायची. एका हिवाळ्यात मी त्यांच्याकडे होतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री तिच्या विमानाची एक फासळी मोडली. माझा मुलगा इंजिनिअर. त्याचा हात चिमट्याकडे गेला.

"दोन मिनिटांचं काम आहे. कुणाला कळणार आहे?"

"बाबा, तू नको," ती म्हणाली. "उद्या तिथे परत मोडलं तर तू आत येणार आहेस का?"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा ना त्याला."

मला सांगावे लागले नाही. त्याने हात मागे घेतला. पुढचा दीड तास तिने ती फासळी बसवली. ती किंचित वाकडी बसली आणि दुसऱ्या दिवशी विमान जरा लहान घेऱ्यात फिरले. तिचा क्रमांक मधला कुठला तरी आला. विमान मात्र तिथे पुन्हा एकदा मोडले, आणि तिने ते कुणाला न विचारता सांधले.

तिच्या बोलण्यात पापपुण्याचा शब्द नव्हता. साधा व्यवहार होता. पण त्या व्यवहारातच या न मोजता येणाऱ्या नियमाचे खरे कारण मला दिसले. वाद घालणारे विचारतात, स्वतः बांधले म्हणजे काय? बाल्सा इक्वाडोरच्या जंगलातून आला, रबर कारखान्यात झाले, आराखडा दुसऱ्याचा होता. मग तुझे त्यात काय? खरेच, शून्यातून कुणीच काही बांधत नाही. आपली भाषासुद्धा आपण बांधलेली नाही. पण विमान कुठे मोडेल आणि मोडल्यावर कसे सांधायचे, हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे त्याचे ते विमान. 'हे माझे' म्हणण्याचा अधिकार मोडल्याची जबाबदारी घेण्याच्या तयारीतून येतो, मग कच्चा माल कुठलाही असो. आणि ही तयारी बाहेरच्या परीक्षकाला मोजता येत नाही म्हणून ती नसते असे म्हणणे, म्हणजे तराजूत बसत नाही म्हणून सुगंध नाकारण्यासारखे आहे.

मग मोठ्यांनी मदत करूच नये काय? याही बाबतीत ही नियमावली मुकी नाही. विमान उडत उडत भिंतीकडे किंवा एखाद्या तुळईकडे जाऊ लागले, तर दोरीला बांधलेला फुगा वर सोडून त्याला हलकेच वळवण्याची मुभा खेळाडूला आहे. मात्र हेतू बाजूला वळवण्याचा हवा; त्या निमित्ताने विमान वर चढवायचे नाही. मुलांच्या, विद्यार्थ्यांच्या, हाताखालच्या माणसांच्या बाबतीत आपण किती हात द्यावा याचे इतके नेमके सूत्र मला कुठल्या नीतिग्रंथात सापडले नव्हते. भिंतीवर आदळू देऊ नये. वर ढकलू नये.

आपल्याकडे आज प्रकल्पवह्या बाजारात विकत मिळतात, विज्ञान प्रदर्शनातील प्रतिकृती मोठ्यांच्या हातून तयार होतात, आणि आता तर निबंध लिहून देणारी यंत्रेही घरोघर आली आहेत. 'कुणाला कळणार आहे?' हा प्रश्न घराघरांत रोज विचारला जातो. तपासता येत नाही ते कलम काढून टाकावे, असा शहाणा सल्लाही मिळतो. मला वाटते, तेच कलम आधी राखावे. तराजूने तपासता येणारे नियम पाळायला सभ्यता लागतेच असे नाही, परीक्षक पुरे होतो. माणसाच्या शीलाचे वजन होते ते जिथे परीक्षक पोहोचत नाही तिथे.

म्हणून 'हलका' या शब्दाचे दोन अर्थ आता मला परके वाटत नाहीत. विमानातून प्रत्येक अनावश्यक गुंज काढून टाकावी. तो हलकेपणा कष्टाने कमावलेला असतो. पण काढता काढता एक जागा अशी येते की तिच्यापुढे वजन काढले तर ते विमानातून जात नाही, आपल्यातून जाते. ती जागा कुठे आहे हे वजनकाट्यावर लिहिलेले नसते. ती ज्याची त्याने ओळखायची असते.